पूल ओलांडेपर्यंत

ॲडलेड,
३ एप्रिल

प्रिय नेरिडामामी,

तू फोन उचलत नाहीस, आणि दारावरची बेल वाजवली की आतला रेडिओ बंद होतो. हे मी दोन रविवार पाहिलं. म्हणून आता पोस्टमनला पाठवतेय. त्याच्याशी तरी तू असं वागणार नाहीस.

आई म्हणते, मामीला त्रास देऊ नकोस, भाऊ माझा गेला तरी नवरा तिचा गेलाय. पण माझं तुझ्याकडे काम आहे. ब्रिस्बेनहून परत आले ती ज्या सरकारी नोकरीसाठी, तिथे मला फुटबॉल सामन्याच्या दिवसांची वाहतूक सुधारायला दिलीय. पेलिकन्स खेळत असले की मैदानाभोवती काय चालतं ते मी तुला काय सांगायचं! गाड्या फुटपाथवर, लोकांच्या बागेत, एकदा तर चर्चच्या पायऱ्यांना लागून. लोकांनी गाडी घरी ठेवून बसने नाहीतर ट्रेनने यावं, असा सगळा खटाटोप आहे. ट्रेनचं जमलं. बसचं जमेना, आणि सगळ्यांत वाईट अवस्था आपल्या पेलिकन बसची आहे.

हो, तीच, लार्ग्ज बेची. तू आणि व्हर्नमामा जन्मभर जिने गेलात ती. गेल्या ऑगस्टपर्यंत ती उभ्याने भरायची. ऑगस्टनंतर निम्मी झाली आणि यंदा तर बघवत नाही. वरून सांगतायत, बंद करून टाका. मी जूनच्या मध्यापर्यंत मुदत मागून घेतलीय. मामाची बस माझ्या सहीने बंद व्हावी असं मला वाटत नाही, मामी.

लोक का चढत नाहीत, तूच सांग. मला त्या बसमधलं फक्त गाणं आठवतं. मामाच्या मांडीवर बसून मी क्लबचं गाणं घसा फाटेस्तोवर ओरडायचे. आम्ही ब्रिस्बेनला गेलो तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि त्या वर्षांत पेलिकन्स हरायचेच नाहीत.

तुझी,
ब्रॉन्विन


लार्ग्ज बे,
१२ एप्रिल

ब्रॉनी,

पत्र मिळालं. पोस्टमनशीही मी तशीच वागते. तो बिचारा पेटीत टाकतो आणि सुटतो.

लोकांचं मला माहीत नाही, माझं सांगते. तुमची बस फार वेळ खाते. सगळी गल्लीबोळं फिरते, आणि त्या जुन्या पुलाचं तर बोलायलाच नको. नदीत एखादी शिडाची होडी आली की पूल वर आणि आम्ही खाली ताटकळत. माझा गुडघा आखडतो. म्हणून मी जात नाही.

सीझनचं तिकीट आलंय, फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. व्हर्नचंही आलं. क्लबला कोणी कळवलेलं दिसत नाही. तेही शेजारीच चिकटवलं.

मर्व पास्को दर सामन्याला येतो. तुला आठवत असेल, मोठ्या कानांचा, बसमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसायचा. दार वाजवतो, म्हणतो, "येतेस का, नेर?" मी म्हणते, "नाही, मर्व." मग किचनर बन पायरीवर ठेवून जातो. व्हर्नला आवडायचे, मला त्यातला जॅम कधीच आवडला नाही, पण हे मर्वला सांगणार कोण? संध्याकाळी येऊन स्कोअर सांगतो. दोन्ही सामने हरलोय.

व्हर्न बसमध्ये गेला, झोपेतच, स्वतःच्या जागेवर. याहून चांगलं मरण मागून मिळत नाही, असं सगळे येऊन म्हणून गेले. मीही म्हणते.

बस बंद करायची तर कर. मला काही वाटणार नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. मागच्या झाडाची लिंबं पिकून खाली पडतात आणि मी खिडकीतून बघत असते. वाकून उचलावीत असं मनात येतं, पण तेवढंच.

मामी


ॲडलेड,
२६ एप्रिल

प्रिय मामी,

तुझ्या गुडघ्याने माझं कोडं सोडवलं!

ऑफिसात नकाशा पसरून बसले तर काय, खरंच आपली बस रमतगमत जाते. म्हणून आता गल्ल्या कमी केल्या, आणि जुना उघडणारा पूल पार वगळला. बस खालच्या अंगाच्या नव्या पुलावरून जाईल, ट्रकवाल्यांच्या. तो उंच आहे, होड्यांसाठी उघडावा लागत नाही. जवळजवळ अर्धा तास वाचतो. मे महिन्यातल्या सामन्याला तशीच नेऊन बघणार आहोत. ड्रायव्हर जुनाच मागून घेतलाय, तुमचा स्टाव्ह. ऐकल्यावर त्याने नुसते खांदे उडवले, पण तो ग्रीक माणूस सगळ्यालाच खांदे उडवतो.

आणि पुढचं पहिलं बाक पाय लांब करता येईल असं आहे. ते तुझं. कुणी बसलं तर उठवीन.

येशील ना?

ब्रॉनी


लार्ग्ज बे,
४ मे

ब्रॉनी,

नव्या पुलावरून. बरं.

तुम्ही ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाका, आम्ही शेळ्या चालतोच आहोत. मी येणार नाही. गुडघ्याचं काय ते बघते.

मर्वला सांगितलं. तो म्हणाला, "मग आम्ही कुठे..." आणि बन ठेवून गेला. त्याला वाक्य पुरं करायची सवय नाही.

इथे थंडी सुरू झाली. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

मामी


ॲडलेड,
१९ मे

प्रिय मामी,

शनिवारी मी स्वतः बसले आपल्या बसमध्ये, जाताना आणि येताना. आता तू मला खरं सांगणार आहेस.

सामना आपण असा हरलो की तिसऱ्या क्वार्टरलाच लोक मफलर खिशात कोंबायला लागले. शेवटचा भोंगा झाला, बस वेळेवर सुटली, नव्या पुलावरून सुसाट निघाली. मी मनात खूश. आणि मग माझ्या लक्षात आलं की आत वीस-पंचवीस माणसं आहेत आणि हूं नाही की चूं नाही. स्टाव्हने रेडिओसुद्धा लावला नव्हता. मनात म्हटलं, हरल्याचं दुःख असेल. मर्वकडे वळून म्हटलं, "थंडी पडली नाही?" त्याने ओठांवर बोट ठेवलं, शाळेत ठेवतात तसं. एक बाई माझ्याकडे असं बघत होती की मी जणू प्रार्थनेत शिट्टी मारली.

नवा पूल मागे पडला, पहिले थांबे आले, तरी कोणी तोंड उघडेना. माणसं उतरत होती ती एकमेकांना 'येतो' सुद्धा न म्हणता. मर्व उतरताना माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "जुन्या पुलावरून न्यायला हवी होती, पोरी. तशीही काही सोय राहिली नव्हती म्हणा, पण निदान पूल तरी होता." मी विचारलं, म्हणजे काय? "नेरला विचार," म्हणाला आणि गेला.

पुढच्या सामन्यासाठी ज्यांनी नावं दिली होती त्यांतल्या अर्ध्यांनी कळवलंय की ते गाडीने जातील. वेगवान बस, बसायला जागा, भाडं नाही, आणि लोक पळतायत! जूनच्या मध्याला निकाल आहे आणि साहेबांना सांगायला माझ्याकडे काही नाही.

आणि मामी, तुझ्या गुडघ्याचं मी आईला विचारलं. ती म्हणाली, त्या बाईचे दोन्ही गुडघे लग्नापासून ठणठणीत आहेत. मी माझी अख्खी योजना तुझ्या गुडघ्यावर उभारली होती!

रागावले नाहीये. पण सांग.

ब्रॉनी


लार्ग्ज बे,
२७ मे

ब्रॉनी,

सांगते. एकदाच सांगेन, आईला दाखवू नकोस.

तुला गाणं आठवतं कारण तू जिंकायच्या वर्षांतली. जिंकल्यावर आमच्या बसमध्ये कसलाच नियम नाही, नाचा, गा, खिडकीतून पेलिकनसारखे हात पसरा. हरलो तर एकच नियम. जुना पूल ओलांडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. कोणी घातला माहीत नाही, व्हर्नचे वडीलही पाळायचे. एकदा हरल्यावर बसमध्ये अंपायरवरून मारामारी झाली आणि तेव्हापासून, असं ते सांगायचे. खरं असेल. हरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत जे बोलतो ते बोलण्यासारखं नसतंच. नदीपर्यंत गप्प बसलं की उतरतं सगळं.

आणि पूल ओलांडला की व्हर्न बोलायचा. आधी त्याचे वडील, मग तो. काही मोठं नाही. टोपी मागे सारायची आणि म्हणायचं, "चला, चहा कोण टाकतंय?" सगळी बस ओरडायची, "तूच टाक, व्हर्न!" आणि मग जी तोंडं सुटायची! कोच कसा गाढव आहे, कोणाची सून बाळंत झाली, कोणाचं छप्पर गळतंय. मला वाटतं, लोक सामन्याला जायचे ते या परतीच्या बडबडीसाठी. हरल्याचं काही उरायचं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही वाईट हरलो. व्हर्न खिडकीशी, मी शेजारी. त्याने डोकं काचेला टेकलं. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. हरल्यावर बघत नसतेच मी, तो उगाच चिडतो. पूल आला. वर होता, होडी जात होती. आम्ही थांबलो. पूल खाली आला, आम्ही पार झालो, आणि सगळे व्हर्न बोलायची वाट बघायला लागले.

तो बोलला नाही. मला वाटलं, आज जास्तच लागलंय याला. मर्वला वाटलं, मुद्दाम ताणतोय. सगळ्यांना काही ना काही वाटलं. एकेक थांबा आला, लोक त्याच्या टोपीकडे बघत उतरले, आणि कोणी हूं केलं नाही कारण पहिलं बोलायचं ते व्हर्नने. मीही केलं नाही. आमचा थांबा आला तेव्हा मी त्याला कोपराने ढोसलं.

डॉक्टर म्हणाले, मैदान सोडल्यावर लगेचच गेला असावा. लगेच कळलं असतं तरी उपयोग नव्हता, म्हणाले. तसंच असेल. पण मी सबंध रस्ता त्याच्या शेजारी बसले होते, आणि आमच्या नियमाप्रमाणे गप्प बसले होते. दुसऱ्या कुठल्याही बसमध्ये कोणीतरी त्याला काहीतरी विचारलं असतं.

झोपेत गेला हे मर्वने ठरवलं, माझ्यासाठी. छान होतं, मी वापरत राहिले.

त्यानंतरचं मर्व सांगतो ते असं. यंदा सगळे सामने हरलोय. हरलं की नियम सुरू होतो, पण संपवणार कोण? ते वाक्य म्हणायला कोणी धजत नाही. जुन्या पुलावरून जायची तेव्हाही बस घरापर्यंत मुकीच जायची. कोण बसेल अशा बसमध्ये? म्हणून लोक गाड्या काढतात. तुझ्या वेळापत्रकात काही चूक नाही, पोरी. आणि नव्या पुलावर तर नियम कुठे संपतो हेही कोणाला ठाऊक नाही.

मी अजून रडलेले नाही. अंत्यविधीलाही नाही. आत काहीतरी त्या खिडकीशीच बसून राहिलंय, वाट बघत. म्हणून फोन नको वाटतो. बोलायची पाळी माझी नाही असं वाटतं.

साहेबांना हे सांगू नकोस. हसतील.

मामी


ॲडलेड,
८ जून

प्रिय मामी,

तुझं पत्र मी मैदानाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं आणि मग तिथेच बसून राहिले. काय लिहावं कळत नाही, म्हणून काय केलं ते लिहिते.

बस पुन्हा जुन्या पुलावरून सोडली. साहेबांनी विचारलं, अर्धा तास वाचत होता तो का घालवला? मी म्हटलं, प्रवाशांना नदीचा देखावा आवडतो. "हरल्यावर देखावा बघतात?" म्हणाले. मी म्हटलं, हरल्यावरच बघतात.

शनिवारी पुन्हा बसमध्ये बसले. हरलो, अर्थातच. पूल ओलांडला तेव्हा मी ठरवलं की मामाचं वाक्य आपण म्हणायचं, मी त्याची भाची आहे, मांडीवर बसलेली आहे, माझा हक्क आहे. तोंड उघडलं. मामी, आवाजच फुटला नाही. ते वाक्य माझं नव्हतं. मर्वने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही सगळे मूग गिळून घरी गेलो.

आता एकच सामना आहे निकालाआधी, या शनिवारचा. आमचा माणूस बसमध्ये डोकी मोजेल. निम्मी बस असली तर बंद. मी त्या दिवशी स्टेशनावर अडकलेय, ट्रेनच्या गर्दीपाशी, तिकडे फिरकू शकणार नाही.

मी तुला ये म्हणत नाही. खरंच नाही म्हणत. बस तुझ्या कोपऱ्यावरून नेहमीच्याच वेळेला जाते, एवढंच.

ब्रॉनी


लार्ग्ज बे,
१७ जून

ब्रॉनी,

तुला मर्वने सांगितलंच असेल, त्याच्या पोटात काही राहत नाही. तरी माझ्याकडून ऐक.

शुक्रवारी मर्व लिंबं मागायला आला. लिंबं हा बहाणा. मी म्हटलं, उद्या बन आणू नकोस, मी बसमध्येच असेन. म्हणून तो बन न आणता अख्खा लार्ग्ज बे घेऊन आला. कोपऱ्यावर बस थांबली तर आत उभं राहायला जागा नाही. आणि आमचं बाक मात्र रिकामं. दोन्ही जागा. कोणी उठून मिठी मारली नाही, कोणी 'कशी आहेस' म्हटलं नाही. स्टाव्ह म्हणाला, "मागे सरका, ही बाई पडेल," आणि बस निघाली. बरं वाटलं ते मला. म्हणजे, वाईट वाटलं नाही.

व्हर्नचं तिकीटही पर्समध्ये घेतलं होतं. फाटकावरच्या पोरीने दोन्ही तपासून म्हटलं, दुसरे कुठे आहेत? मी म्हटलं, येतायत.

हरलो. त्याबद्दल लिहीत नाही.

परतीला मी खिडकीशी बसले, त्याच्या जागेवर. शेजारी कोणी बसलं नाही. पूल वर होता. एक पांढरी होडी अशी सावकाश निघाली होती की जणू नदी तिच्या बापाची. तिच्यावर एक कुत्रा उभा होता, तो आमच्या बसवर भुंकला. सबंध बसमध्ये तेवढाच एक आवाज. पूल खाली आला. आम्ही पार झालो.

सगळे खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे माझीच वाट बघत होते. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं, सकाळपासून स्वयंपाकघरात म्हणूनही पाहिलं होतं. आता ते निघेना. एक थांबा गेला. दुसरा गेला. मर्वचा थांबा आला, तो उतरला नाही. खरं तर कोणीच उतरत नव्हतं. मनात आलं, झालं, मीही त्याच्यासारखीच घरापर्यंत जाणार, न बोलता.

माझा कोपरा आला. उठले. स्टाव्हने दार उघडलं. पायरी उतरले, एक पाय फुटपाथवर ठेवला आणि न वळताच म्हटलं, "चहा मी टाकते."

बस.

ते त्याचं वाक्य नव्हतं. त्याने इतकी वर्षं विचारलं होतं, त्याला मी दिलेलं उत्तर होतं. कोणाला ऐकू गेलं की नाही तेही कळलं नाही. दार बंद झालं. वळून बघितलं तर काचेच्या आत सगळ्यांची तोंडं हलत होती. मर्व उभा राहून हात नाचवत होता, तू लिहिलेली ती शिष्ट बाई मफलरने डोळे पुसत होती आणि बोलतही होती, स्टाव्ह मान मागे टाकून काहीतरी ओरडत होता. मला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. आणि बस निघून गेली.

ब्रॉनी, मला एवढा राग आला! त्या फुटपाथवर उभं राहून मी बसच्या मागे ओरडले. लोक माझ्याशिवाय बोलतायत! दहा महिने कसलंच काही वाटलं नव्हतं, आणि आता वाटलं ते हे. घरी येऊन चहा टाकला, तो उतू गेला, शेगडी पुसता पुसता बराच वेळ रडले. नंतर अंधारात जाऊन लिंबं वेचली. पिशवी भरून दाराशी ठेवलीय, तुझ्यासाठी. फोन करून ये. उचलीन.

मी तुला लिहिलं होतं, बंद करायची तर कर. ते खोड. बस बंद करायची नाही, तुझ्या साहेबांना सांग. पुढच्या सामन्याला मला ती लागणार आहे. मी एक थांबा पुढे उतरणार आहे, म्हणजे ते काय बोलतात ते ऐकता येईल. तिथून चालत परत येईन. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

मामी